शासन निर्णय, अहवाल, राजपत्रं आमदाराच्या हातात वेळेवर पडावीत म्हणून काय करावं?

बालाघाटकर :

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका आमदारांकडे मी स्वीय सहायक आहे. साहेब पहिल्यांदाच निवडून आलेत. मी त्याआधी तालुक्याला टायपिंगचे आणि एमएससीआयटीचे क्लास घ्यायचो, त्यामुळे संगणकाची भीती नाही, पण मंत्रालयाचा कारभार नवीन आहे. इथे शासनात काम केलेले बरेच जण लिहितात म्हणून सविस्तर विचारतो.

आमच्या मतदारसंघात तीस खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचं पन्नास खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन मंजूर झालंय असं गावात सगळे म्हणतात. लोक शासन निर्णयाचा फोटो मोबाइलवर घेऊन येतात. फोटो पहिल्याच पानाचा. मंजुरी इमारतीला आहे, पदांना आहे की नुसती तत्त्वतः आहे हे त्यावरून कळत नाही. बाळंतपणाला आलेल्या बाईला रात्री जिल्ह्याला पाठवावं लागतं, रस्त्यात काय काय होतं ते आम्ही पाहतो, म्हणून हा विषय साहेबांनी मनावर घेतलाय.

अधिवेशनात बोलायचं तर कागद हवा. संबंधित कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, "सगळं वेबसाइटवर आहे, तिथून घ्या." वेबसाइटवर सापडत नाही म्हटल्यावर, "मग माहिती अधिकारात अर्ज करा." साहेबांना हे फार लागलं. तीन लाख लोकांच्या वतीने जो माणूस सभागृहात बसतो त्याने दहा रुपयांचं तिकीट लावून तीस दिवस वाट बघायची का? तोपर्यंत अधिवेशन संपून जातं.

दुसरी अडचण अशी की अधिवेशनात कागद भरपूर मिळतात, पण इतके एकदम मिळतात की वाचायला सवडच राहत नाही. पुरवणी मागण्यांचं (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाचं) पुस्तक, विधेयकं, समित्यांचे अहवाल असा ढीग. शेवटच्या दिवशी कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे गावाकडे.

मला एवढंच कळून घ्यायचंय : आमदाराला शासनाची प्रकाशनं हक्काने मिळण्याची काही वाट आहे का? जुने निर्णय, जुने अहवाल कुठे शोधायचे? आणि "माहिती अधिकार टाका" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

---

निवड नस्ती :

बालाघाटकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी मंत्रालयात कार्यासनावर (विभागातल्या एका विषयाच्या टेबलावर) बरीच वर्षं काढली आणि अधिवेशनाच्या काळात विधानभवनात कागद पोचवण्याच्या कामालाही असायचे. निवृत्त झाले, पण हा विषय डोक्यातून गेलेला नाही. सविस्तर लिहिते.

आधी कुठल्याही शासन निर्णयाचं शेवटचं पान उघडा. सहीच्या खाली "प्रत" म्हणून लांबलचक यादी असते : राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव, महालेखापाल मुंबई आणि नागपूर, जिल्हाधिकारी, आणि सर्वांत शेवटी "निवड नस्ती", म्हणजे कार्यासनाची स्वतःची संदर्भाची फाइल. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. अनेक निर्णयांच्या त्या यादीत "सर्व विधानमंडळ सदस्य" असतात आणि विधानमंडळ ग्रंथालयाचे ग्रंथपालही असतात. म्हणजे शासनाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं की ही प्रत आमदाराला द्यायची आहे. पुढच्या वेळी कोणी "वेबसाइटवरून घ्या" म्हटलं तर त्या यादीतली ओळ दाखवा. उपकार मागत नाही आहात तुम्ही.

आता तुमच्या पहिल्या पानाच्या फोटोबद्दल. वर "वाचा" किंवा "संदर्भ" लिहून खाली जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात. ती साखळी धरून मागे मागे जा. आरोग्य संस्थांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा बृहत् आराखड्याच्या, म्हणजे कुठे कुठली आरोग्य संस्था हवी याच्या राज्यभराच्या यादीच्या, निर्णयापर्यंत जाते. त्यात गावाचं नाव आलं म्हणजे संस्था तत्त्वतः मंजूर. पदनिर्मितीचा निर्णय वेगळा निघतो, बांधकामाची प्रशासकीय मान्यता वेगळी. लोक पहिला कागद हातात धरून तिसऱ्याची वाट बघत बसतात आणि त्यांना कोणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो, "हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे" या वाक्याच्या जरा वर. तो आकडा शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत उघडते. फोटोत तो नसला तर विभाग आणि दिनांक टाकून शोधा. शीर्षकातला शब्द टाकून शोधण्यावर भिस्त ठेवू नका, कारण "श्रेणीवर्धन", "श्रेणीवाढ", "दर्जावाढ" यातलं काय लिहिलं असेल ते लिहिणाऱ्याच्या मनावर असतं. निर्णय सापडला तरी तिथेच थांबू नका, त्याच्या पुढच्या तारखांना शुद्धिपत्रक निघालंय का ते पाहा. खाटांची संख्या, गावाचं नाव, लेखाशीर्ष (खर्च ज्याखाली दाखवतात ते शीर्ष आणि त्याचा क्रमांक) असे बदल शुद्धिपत्रकात होतात आणि मूळ निर्णय गावभर फिरत राहतो.

पैशाचं तपासायला माहिती अधिकाराची गरजच नाही. राज्याची बीम्स ही अर्थसंकल्पाच्या पैशांचा हिशेब दाखवणारी ऑनलाइन प्रणाली सर्वांसाठी खुली आहे. सार्वजनिक आरोग्याचं महसुली मुख्य लेखाशीर्ष २२१० आणि भांडवली ४२१०. इमारतीचा खर्च ४२१० मध्ये बघायचा, पगार-औषधं २२१० मध्ये. तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे तिथे दिसतं. अर्थसंकल्पात भरघोस तरतूद आणि वर्ष सरत आलं तरी वितरण तुटपुंजं असं दिसलं, तर साहेबांना तिथेच प्रश्न मिळाला. तुमच्या जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" मागवून घ्या. तालुकावार दवाखाने, खाटा, डॉक्टर असे तक्ते त्यात असतात. हे प्रकाशन फार कमी आमदारांच्या टेबलावर पाहिलं मी, आणि ज्यांच्या टेबलावर असायचं ते भाषणात कधी अडखळायचे नाहीत.

अधिवेशनातल्या ढिगाचं म्हणाल तर क्रम लावायला शिका. पुरवणी मागण्या साधारणपणे पहिल्याच दिवशी मांडल्या जातात आणि चर्चा नंतर होते. मधले दिवस तुमचे आहेत. पुस्तक आलं की आपल्या जिल्ह्याशी संबंधित मागण्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि मागणीखालचं स्पष्टीकरण वाचायचं. राजपत्रातल्या नियमांकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. कायदा सभागृह करतं, पण त्याखालचे नियम विभाग करतो. बहुतेक कायद्यांत शेवटी एक कलम असतं की हे नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर एकूण तीस दिवस ठेवायचे, आणि सभागृहांचं एकमत झालं तर त्यांत फेरबदल होऊ शकतो, नियम रद्दही होऊ शकतो. एवढा मोठा हक्क आहे हा! पण पटलावर ठेवलेले ते नियम उघडून बघणारा सदस्य विरळा. अध्यादेशांचंही तसंच : संविधानाच्या अनुच्छेद २१३ प्रमाणे तो सभागृहासमोर ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायद्यात रूपांतर झालं नाही तर संपतो.

जुन्या छापील गोष्टींसाठी विधानभवनातलं ग्रंथालय. साहेबांच्या नावाने तुम्ही जाऊ शकता का हे तिथे आधी विचारून पत्र घेऊन जा. तिथली माणसं मदत करतात, फक्त विचारणारा हवा. जुनी विधेयकं, समित्यांचे अहवाल, सभागृहाची कार्यवाही तिथे मिळते. विकत मिळणाऱ्या शासकीय प्रकाशनांसाठी चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार. आणि एक सवय लावून घ्या : पीडीएफ उतरवली की ताबडतोब आपल्याकडे ठेवा. संकेतस्थळं बदलतात, दुवे तुटतात. जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत नाहीतर नुसत्या स्कॅन केलेल्या, त्यांत शब्द शोधता येत नाही. तुमचे क्लासचे विद्यार्थी असतील तर त्यातल्या एकाला बसवून फाइलींना नीट नावं द्या. विभाग, दिनांक, विषय. पाच वर्षांनी त्याची किंमत कळेल.

"माहिती अधिकार टाका" म्हणणाऱ्याला साहेबांनी लेटरहेडवर पत्र द्यावं, पोच घ्यावी. सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा आदेश काढलेत की आमदार-खासदारांच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवायची आणि दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. पत्रात "माहिती मिळावी" असं मोघम लिहू नका. निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि "प्रत" यादीतला अनुक्रमांक लिहा.

---

तेरेखोल :

निवड नस्ती ताईंनी सगळं छान सांगितलंय. मी सिंधुदुर्गातून, माहिती अधिकारात बरीच वर्षं काम करतोय. त्या बाजूने थोडं.

"छापलेलं" आणि "तयार झालेलं" यात मोठं अंतर असतं, आणि आमदारांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. आमच्या भागाचं उदाहरण देतो. पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला दिला गेला. तो दडवून ठेवला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत खाणींवर एवढं रान पेटलेलं, पण इथल्या आमदारांकडेही तो नव्हता. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये खुला करा म्हणून आदेश दिला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं. मग मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. म्हणजे लोकप्रतिनिधींना जो कागद मिळाला नाही तो एका सामान्य अर्जदारामुळे सगळ्यांना मिळाला. म्हणून बालाघाटकर, माहिती अधिकाराला कमीपणा मानू नका. साहेब आमदार असले तरी नागरिक आहेतच. पण त्या कार्यालयाने आमदाराला तिकडे ढकलणं चूक, हे मलाही मान्य. कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करायची असते.

एक गोष्ट मनाला फार लागते ती सांगतो. २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) च्या शेवटी एक परंतुक (कलमाला जोडलेली अट) होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. अपिलात उभं राहून ही ओळ मी कितीतरी वेळा वाचून दाखवली आहे. आमदाराचा हक्क आणि माझ्या गावच्या रेशनकार्डधारकाचा हक्क तिथे एका दोरीत बांधलेले होते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच बदललं, ती ओळ गेली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला. सभागृहात बसणाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवायला हवा होता. अजूनही उठवता येईल. तुमच्या साहेबांना हे जरूर सांगा.

---

पंचनामा :

मी वार्ताहर आहे, नागपूर अधिवेशनं बरीच केली. बालाघाटकरांनी कॅगचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. राज्याचा कॅग अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळासमोर ठेवायला लावतात. किती दिवसांत, हे अनुच्छेदात नाही. सगळी गोम तिथे आहे. दिल्लीत कॅगचे १४ अहवाल असे अडकून पडले होते. विरोधी आमदारांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं, पण विशेष बैठक बोलावण्याचा आदेश दिला नाही. फेब्रुवारीत सरकार बदलल्यावर अहवाल पटलावर यायला लागले.

आपल्याकडे आरोग्य व्यवस्थेवरचा मोठा अहवाल डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनाच्या अगदी शेवटी आला. ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त जागा, यंत्रं, बांधकामं, सगळं त्यात आहे. बालाघाटकर, तुमचा विषय तोच आहे, तो अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर आहे, आजच उतरवा. चर्चा झाली नाही म्हणून अहवाल मरत नाही. तो लोकलेखा समितीकडे, म्हणजे कॅगचे अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, जातो. साहेब समितीवर नसले तरी समितीच्या सदस्यांना पत्र देऊन आपल्या रुग्णालयाचा दाखला पुढे ठेवू शकतात.

चौकशी आयोगांच्या बाबतीत मात्र मुदत आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत कृती अहवालासह (सरकारने त्यावर काय केलं याच्या टिपणासह) सभागृहासमोर ठेवायचं बंधन आहे. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला, ऑगस्टमध्ये पटलावर आला. पण नुसत्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीला हे बंधन नाही. विभागीय असमतोलावरची केळकर समिती तुमच्या मराठवाड्याच्या जिव्हाळ्याची. तिचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये शासनाला मिळाला आणि सभागृहासमोर आला डिसेंबर २०१४ मध्ये. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. ज्या मराठवाड्यातल्या आमदारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं त्यांतल्या कित्येकांना तो सदस्य म्हणून हातात घेता आला नाही. एखादी समिती नेमली जात असतानाच विचारून घ्यावं की ही कायद्याखालची की निर्णयाखालची, आणि अहवाल पटलावर कधी ठेवणार.

---

ओवी :

सगळं ठीक आहे, पण खरं सांगा, आमदार वाचतात का हो हे? आमच्याकडे तर लग्नं आणि दहावे यातच त्यांचा दिवस जातो.

---

निवड नस्ती :

ओवी, लग्नादहाव्याला जावंच लागतं, लोक त्याच्यावरून माणूस ओळखतात. पण वाचणारे आमदार मी पाहिलेत. सर्व पक्षांत पाहिलेत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत पेन्सिलने खुणा करून रात्री आमदार निवासात बसणारे, सकाळी कार्यासनावर फोन करून "पान अमुक, ही रक्कम मागच्या वर्षीशी जुळत नाही" म्हणणारे. असा फोन आला की आमच्या अख्ख्या शाखेची धावपळ व्हायची आणि पुढच्या वेळी टिपणी आपोआप काळजीपूर्वक लिहिली जायची. एक वाचणारा सदस्य असला तरी विभाग जागा राहतो. आणि न वाचणाऱ्यांतले बरेच जण वाचत नाहीत ते कागद उशिरा येतो म्हणून, किंवा तो समजावून सांगणारं माणूस जवळ नाही म्हणून. बालाघाटकरांसारखी मुलं तिथे बसली तर चित्र बदलतं. विधानभवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. सदस्यांबरोबर त्यांच्या स्वीय सहायकांनाही अर्थसंकल्पाची पुस्तकं कशी वाचायची हे तिथे दरवर्षी शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

---

बालाघाटकर :

ताई, तेरेखोल, पंचनामा, सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून ताईंनी सांगितलं तसं केलं. फोटोतल्या "वाचा" खालचे क्रमांक धरून मागे गेलो आणि बृहत् आराखड्याचा निर्णय मिळाला, आमच्या गावाचं नाव त्याच्या जोडपत्रात आहे. पुढच्या तारखा तपासताना शुद्धिपत्रकही मिळालं. त्यात बांधकामाचं लेखाशीर्ष बदललंय. गावातल्या कोणाच्याच मोबाइलवर ते नव्हतं. पदनिर्मितीचा निर्णय मात्र अजून निघालेलाच दिसत नाही. म्हणजे इमारत उभी राहिली तरी डॉक्टर आणि परिचारिकांची पदं नाहीत. लोक इतके दिवस बांधकामाच्या नावाने ओरडत होते, खरी अडचण इथे आहे.

बीम्सवरही गेलो. जुन्या लेखाशीर्षाखाली शोधत राहिलो असतो तर काहीच हाती लागलं नसतं. नव्या शीर्षाखाली तरतूद दिसते, वितरण अगदीच थोडं आहे.

साहेबांना सकाळी दाखवलं. त्यांनी तिन्ही कागद समोर ठेवून पत्राचा मसुदा स्वतः सांगितला : पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, वित्त विभागाकडे कधी पाठवला, नव्या पदांना मान्यता देणाऱ्या उच्चस्तरीय सचिव समितीपुढे गेला की नाही. पत्रात "प्रत" यादीतला अनुक्रमांकही घातलाय. त्याच विषयावर तारांकित प्रश्नाची (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचनाही देतोय. कॅगचा अहवाल उतरवलाय, आमच्या जिल्ह्याचा उल्लेख असलेल्या पानांना खुणा करणं चालू आहे.

तेरेखोल, ते परंतुक गेल्याचं साहेबांना माहीत नव्हतं. वाचून दाखवल्यावर त्यांनी मूळ कलम आणि बदललेलं कलम शेजारी शेजारी छापून मागितलंय. तुमच्याकडे अपिलांचे एखाददोन निकाल असतील जिथे त्या ओळीमुळे माहिती मिळाली, तर नावं-पत्ते झाकून इथे टाकाल का? अधिवेशनाच्या आधी हवेत.